मेणबत्ती, पाणी आणि एक-पंचमांश

ताटलीत पाणी घ्यावे, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करावी आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवावा. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. हा प्रयोग कधीच करून दाखवला नाही असा विज्ञानशिक्षक विरळाच. प्रयोगवहीत त्याखाली अनुमान लिहिलेले असते : 'पाणी पेल्याच्या एक-पंचमांश उंचीपर्यंत चढले. यावरून असे सिद्ध होते की, हवेत एक-पंचमांश ऑक्सिजन असतो.'

प्रयोग सोपा आहे, बिनखर्चाचा आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हेही खरे आहे. आमचा आक्षेप आहे तो 'यावरून असे सिद्ध होते' ह्या शब्दांना. प्रत्यक्ष दिसले ते एवढेच : ज्योत विझली, पाणी चढले. तेवढ्यावरून साऱ्या हवेविषयी विधान करायचे तर तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. एक, ज्योत विझते तेव्हा पेल्यातील सगळा ऑक्सिजन संपलेला असतो. दोन, जळताना त्याची जागा घेणारा दुसरा वायू तयार होत नाही. तीन, पेल्यातील हवेचे आकारमान अन्य कोणत्याही कारणाने बदलत नाही. ही तिन्ही गृहीते चुकीची आहेत.

हिशोबच मांडू. पेल्यात हवेचे १०० भाग आहेत, त्यांपैकी २१ ऑक्सिजनचे. ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. म्हणजे वापरले गेले जेमतेम ५ भाग. त्यांच्या बदल्यात मेण जळून कार्बन डायऑक्साइडचे तीनाहून थोडे अधिक भाग तयार झाले. तयार झालेली वाफ थंड होऊन पाणी होते, ती सोडून देऊ. एकूण घट झाली दोन भागांहूनही कमी. कार्बन डायऑक्साइड इतक्या थोड्या वेळात फारसा विरघळत नाही. पण तो सगळा विरघळला असे मानले, तरी घट ५ भागांपलीकडे जात नाही. मग पाणी वीस भाग चढते ते कशाने?

उत्तर मुलांच्या डोळ्यांसमोरच असते. पेला ठेवताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावते आणि तिच्यातील काही बाहेर निसटते. कधी कधी पेल्याच्या काठाशी बुडबुडेही दिसतात. ज्योत विझल्यावर आत उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले जाते. म्हणूनच बरेचसे पाणी ज्योत मंदावताना आणि विझल्यावर झपाट्याने चढते. ऑक्सिजन संपत जाणे हेच कारण असते, तर ते पहिल्यापासून सावकाश चढत गेले असते आणि ज्योत विझताच थांबले असते.

एका मेणबत्तीऐवजी तीन लावून पाहाव्यात. त्याच पेल्यात पाणी अधिक उंच चढते. मेणबत्त्या वाढल्याने हवेतला ऑक्सिजन काही वाढत नाही! एवढा साधा पडताळा घेतला तरी अनुमान टिकत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, आणि ती बहुधा बरोबर ठरते. कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजला आहे हे स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असते. थोड्या पुराव्यावरून मोठे विधान करणे हा गुन्हा नव्हे. विज्ञानाला ते करावेच लागते. पण त्या थोड्याचा बाकीच्याशी संबंध काय, हे आधी तपासावे लागते.

हवेच्याच बाबतीत लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही तपासणी कशी केली ते पाहण्यासारखे आहे. त्याने बंदिस्त हवेत पारा १२ दिवस तापवला. ५० घन इंच हवेची ४२-४३ घन इंच झाली आणि पाऱ्यावर तांबडी भुकटी जमली. तेथे तो थांबला नाही. ती भुकटी अधिक तापवून त्याने ७-८ घन इंच वायू परत मिळवला. त्यात मेणबत्ती लखलखीत जळाली. गेलेला आणि मिळालेला वायू यांचा मेळ बसला, तेव्हा त्याने विधान केले. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे आकडे आहेत. हा हिस्सा एक-पंचमांशाहून कमी भरतो. पण जो भरला तोच त्याने लिहिला.

आपल्या वर्गात मात्र कुणाच्या पेल्यात पाणी एक-तृतीयांश चढते, कुणाच्या एक-दशांश, तरी सगळ्या वह्यांत एक-पंचमांशच उतरते, आणि उत्तर जमले म्हणून आपणही बरोबरची खूण करतो. त्या दिवशी मूल ऑक्सिजनविषयी थोडेसे शिकते. पण दिसलेले बाजूला ठेवून अपेक्षित तेच लिहायचे, हे मात्र पक्के शिकते. आम्हांला खरी चिंता वाटते ती याची.

लहान मुलांना एवढी गुंतागुंत कशाला, असे कुणी म्हणेल. सोपे करण्यास आमची हरकत नाही. 'बंद जागेत मेणबत्ती जळत राहत नाही; जळत राहायला नवी हवा लागते' एवढे अनुमान ह्या प्रयोगातून खुशाल काढावे. ते सोपे आहे आणि पुराव्यात बसते. एक-पंचमांश दाखवायचेच असेल तर गंजणाऱ्या लोखंडाचा बारीक कीस व्हिनेगरमध्ये बुडवून, पाण्याने धुऊन, परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवावा आणि नळी पाण्यात उपडी ठेवावी. येथे ज्योत नाही, तापलेली हवा नाही. लोखंड गंजत जाते तसे पाणी सावकाश चढते आणि एक-दोन दिवसांनी पाचव्या हिश्शाच्या आसपास थांबते. कीस दुप्पट घेतला तरी ते जवळपास तेथेच थांबते. मेणबत्त्या वाढवल्या तेव्हा असे झाले नव्हते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

मेणबत्तीचा प्रयोग सोडून देण्याचे मात्र काही कारण नाही. पुढच्या वेळी प्रत्येकाला स्वतः मोजलेली उंचीच वहीत लिहू द्यावी, ते सगळे आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडावेत, आणि ते सारखे का आले नाहीत, एवढेच वर्गाला विचारावे.