बतावणीतला राजा आणि मांडवातले आम्ही

‘राजकीय विनोद’ हे शब्द कानी पडताच आमच्या पिढीच्या अंबरनाथकराला वर्तमानपत्रातले व्यंगचित्र आठवत नाही. त्याला आठवतो गणेशोत्सवाचा मांडव. विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेली माणसे मागे सतरंजीवर, साहेबमंडळी पुढे खुर्च्यांवर, मधूनच शीळ घालणारा ध्वनिक्षेपक आणि कर्जतकडची शेवटची गाडी चुकणार ह्या धास्तीने उठू-बसू करणारे बदलापूरचे पाहुणे. आम्ही ख्रिस्ती घरांतली मुले रोझरी आटोपली की तिकडे पळत असू. घरून हरकत नसे. अट एवढीच, की ‘वात्रट’ सुरू झाले की उठून यायचे. ते वात्रट नेमके कधी सुरू झाले हे ठरविणे कठीण असल्यामुळे आम्ही शेवटपर्यंत बसत असू.

त्या मांडवांत जे पाहिले त्याला लोकनाट्य म्हणत. कधी मुंबई-पुण्याकडून आलेले नामांकित पथक असे, बहुधा गावातल्याच हौशी मंडळींनी बसविलेला प्रयोग असे. आज त्याविषयी लिहिताना प्रेम आड येते हे आम्ही आधीच कबूल करतो. तरीही त्या विनोदाचे गुणदोष पाहण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. कारण स्मरणरंजनाने त्याला जे निष्पाप रूप दिले आहे, तसा तो नव्हता.

प्रथम त्याची रचना पाहावी. तमाशाची जुनी चौकट गण, गौळण, बतावणी आणि वग अशी. ह्यांपैकी बतावणी हा भाग राजकीय विनोदाचा खरा गाभा होय. सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार उभ्या उभ्या बोलत राहतात. त्या बोलण्याला कथानकाचे ओझे नसते. सकाळी रेशनच्या दुकानात जे घडले ते रात्री बतावणीत येऊ शकते. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळाकडे धाडावी लागे. परंतु कागदावरच्या शब्दांना कात्री लागते, तोंडून निसटलेल्या शब्दांना ती लागत नाही. नट वाक्य अर्धवट सोडून श्रोत्यांकडे पाहतो, श्रोते ते मनातल्या मनात पुरे करून हसतात. ह्यात गुन्हा कोणाचा? वगातला राजाही असाच सोयीचा. तो कोणत्याही काळातला असल्यामुळे आजच्या मंत्र्याला बेलाशक त्याचे कपडे घालता येतात.

ह्या चौकटीला राजकारणाची धार लावणाऱ्यांत अण्णा भाऊ साठे ह्यांचे नाव पहिले घ्यावे लागते. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांच्या लाल बावटा कलापथकाच्या जन्माशी चाळीसच्या दशकात टिटवाळ्याला भरलेल्या शेतकरी परिषदेची आठवण जोडली जाते. टिटवाळा म्हणजे उल्हासनगरच्या वेशीबाहेरच. पण आमच्या भागातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही नुसती नावे वाचली तरी रोख कळतो. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना ह्या तमाशांवर बंदी आली, आणि ‘तमाशा’ हे नाव टाकून ‘लोकनाट्य’ हे नाव रुळण्यामागे ती बंदीही एक कारण होती असे सांगतात. अण्णा भाऊंच्या लोकनाट्यात हसणे हा मुक्काम नसून वाट असते: शेटजीला हसून झाले की कामगाराने एकत्र यावे, ही अपेक्षा शेवटी उघडपणे मांडलेली. कलेच्या दृष्टीने हा शेवट पुष्कळदा ठरीव वाटतो. पण ज्या माणसाने स्वतः गिरणीत आणि घाटकोपरच्या झोपडीत आयुष्य काढले, त्याच्या ठरीवपणाला नाके मुरडण्याचा अधिकार आम्हांला आहे काय, ह्याविषयी आम्ही साशंक आहो.

दुसरी परंपरा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची. वसंत बापट, पु. ल. देशपांडे ह्यांच्यासारखे लेखक आणि निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ह्यांच्यासारखे नट त्या अंगणात वावरले. पु. लं.च्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये निळू फुले रोंगे उभा करीत. पुढे शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांना गावोगावी पोहोचविले. पडद्यावरचा खलनायक म्हणूनच त्यांना ओळखणाऱ्या वाचकाला सांगावयास हवे, की हा मूळचा विनोदी नट. आणि त्यांचा पडद्यावरचा पाटील भयंकर वाटतो तोही त्यात विनोदाची एक सुरी लपविलेली असते म्हणूनच. राम नगरकरांचे ‘रामनगरी’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते अवश्य वाचावे. न्हाव्याच्या घरात वाढलेला माणूस स्वतःच्या अपमानांकडे इतक्या मोकळेपणाने हसून पाहू शकतो, हे मराठीत विरळाच. असो.

आता ‘विच्छा माझी पुरी करा’. वसंत सबनीसांनी लिहिलेले आणि दादा कोंडक्यांनी १९६५ पासून गाजविलेले हे लोकनाट्य दीड हजारांहून अधिक वेळा झाले. कथा चिमूटभर. राज्यातला कोतवाल मरतो; ती जागा आपल्याला मिळावी अशी हवालदाराची इच्छा; प्रधान मात्र आपल्या मेहुण्याला तिथे चिकटवतो. मग हवालदार मैनावतीच्या मदतीने नव्या कोतवालाला भुलवून राजाचाच छपरी पलंग त्याच्याकरवी पळवितो, कोतवाल पकडला जातो आणि हवालदाराची विच्छा पुरी होते.

आमच्या मांडवात ही गोष्ट कोणी ‘राज्याची’ म्हणून ऐकत नसे. कारखान्यात मुकादमाची जागा रिकामी झाली की काय होते, हे सतरंजीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. मेहुण्याचे नाव येताच उसळणारा हशा पुढच्या खुर्च्यांवर जाऊन आदळे, आणि खुर्च्याही हसत, कारण न हसणे म्हणजे कबुली देणे. एका हशात दोन वर्ग असे सामील होतात, तेव्हा त्यातला कोण कोणाला हसतो आहे हे सांगता येत नाही. सबनीसांचे सामर्थ्य आम्हांला इथे दिसते.

मर्यादाही इथेच आहे. अण्णा भाऊंचा कामगार शेटजीला हटवितो. सबनीसांचा हवालदार कोतवालाला हटवून स्वतः कोतवाल होतो. राजा मूर्ख तो मूर्खच राहतो, प्रधान आपल्या जागी असतो, आणि अन्याय झालेल्या मनुष्याला न्याय मिळत नाही, बढती मिळते. आम्ही टाळ्या वाजवीत घरी आलो. पुढल्या साली त्या हवालदाराचा मेहुणा कोठे लागला, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. हे नाटकाचे वैगुण्य मानावे की आपल्या राजकारणाचे अचूक भाकीत, ह्याचा निर्णय आम्हांला अजून करता आलेला नाही. परंतु पुढली वर्षे आठवली की आमचा कौल दुसऱ्या बाजूला झुकतो.

मैनावतीविषयी मात्र आमचे मत निश्चित आहे. ती ह्या खेळातली सर्वांत हुशार व्यक्ती. डाव तिच्यामुळे तडीस जातो. आणि तरीही शब्दांचे सारे दुहेरी अर्थ तिच्या अंगावरून घसरत जातात. मांडवात तिच्या वाक्यांना शिट्ट्या पडत, तेव्हा बायकांच्या बाजूला एकदम शांतता पसरे. घरातल्या वडीलधाऱ्यांना जे वात्रट वाटे ते ह्यासाठीच, आणि त्यांचे अगदीच चुकत होते असे आज म्हणवत नाही.

ह्यापुढचा भाग लिहिताना लेखणी जड होते. शाहीर साबळे ह्यांच्या गळ्याविषयी दुमत संभवत नाही. ‘यमराज्यात एक रात्र’सारख्या मुक्तनाट्याने त्यांनी प्रहसनाला नवे अवकाश दिले. त्यांचे ‘आंधळं दळतंय’ १९६६ सालचे. त्याच वर्षी १९ जूनला शिवसेनेची स्थापना झाली. मुंबईत मराठी माणसाला डावलले जाते, तो दळतो आणि पीठ दुसरेच खातात, ही त्यातली वेदना खोटी नव्हती. नोकरीसाठी चपला झिजविणारी मुले आमच्याही घरांत होती. परंतु वेदनेने हसण्यासाठी जो माणूस निवडला तो प्रधान नव्हता. तो उडप्याच्या हॉटेलातला, टंकलेखन येणारा, लुंगी नेसणारा परप्रांतीय होता. लवकरच पुंगी आणि लुंगीची घोषणा भिंतींवर आली.

अंबरनाथच्या शस्त्रास्त्र कारखान्यात तमिळ, मल्याळी, मंगळुरी माणसे मोठ्या संख्येने होती, आणि रविवारच्या मिस्साला आमच्या बाकावर तीच माणसे असत. आमच्या शेजारी केरळचे एक गृहस्थ राहत. मराठी बोलताना त्यांचा ‘ळ’ आमच्यापेक्षा स्वच्छ येई. एका वर्षी ते आमच्या घरच्यांबरोबर मांडवात आले. त्या रात्री गावातल्या हौशी मंडळींचा खेळ होता. सोंगाड्या लुंगी वर खोचून आला, चार शब्द मुद्दाम वाकडे बोलला, आणि मांडव हसून लोटपोट झाला. आम्हीही हसलो. हसता हसता आमची नजर शेजारी गेली. ते गृहस्थ हसत होते. पुढच्या खुर्च्यांवरचे साहेब मेहुण्याच्या विनोदाला जसे हसत, अगदी तसेच. फरक इतकाच की साहेबांना दुसऱ्या दिवशी कसलीच भीती नव्हती. पुढल्या वर्षापासून ते मांडवात आले नाहीत आणि आम्ही त्यांना बोलाविलेही नाही.

हीच गत सिंधी शेजाऱ्याची. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी जे उभे केले त्याला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. मराठी विनोदाला मात्र त्यातून ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा एकच नकली मालाचा शिळा कोटिक्रम सापडला. त्याची खरी गंमत अशी, की तो उल्हासनगरचे सिंधी दुकानदारच सर्वांत रंगवून सांगत. स्वतःवरचा विनोद आधी स्वतःच सांगून टाकणे, ही दुबळ्याची जुनी ढाल आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी दुसरीही एक रंगभूमी होती, कोंकणी तियात्राची. १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन्य रिबैरो ह्यांचा ‘इटालियन भुर्गो’ मुंबईतच झाला, आणि तियात्र जन्मले ते गोव्यात नव्हे, मुंबईच्या गोवेकरांत. तियात्राच्या पडद्यांमध्ये कथानकाशी संबंध नसलेली जी कांतारे येतात, त्यांत आणि आपल्या बतावणीत विलक्षण साम्य आहे. दोन्हींत कथा थांबते आणि आजचा दिवस रंगमंचावर येतो. मांडवातला हवालदार आणि तियात्रातला कांतारकार एकमेकांना भेटले असते तर त्यांचे क्षणात जमले असते.

पण इतिहासाने त्यांना समोरासमोर उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी शाहिरांनी मुंबईसाठी डफ वाजविला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करावा काय ह्यावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेण्यात आला, तेव्हा अनेक कांतारकारांनी विलीनीकरणाची टिंगल करून गोवेकरांना हसविले आणि वेगळे राहण्यास प्रवृत्त केले. अंबरनाथच्या एखाद्या गोवेकर घरात दोन्ही गाणी गुणगुणली जात असतील, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नसेल. शाहिराने ज्या सत्तेला हसावे तीच सत्ता उद्या शाहिराच्या भाषेत बोलू लागते. मग तिला हसण्यासाठी दुसरी भाषा लागते. ही गोष्ट आम्हांला तियात्राने शिकविली.

पुढे पथके पांगली. दादा कोंडके सिनेमात गेले. १९७१ साली ‘सोंगाड्या’ला दादरच्या चित्रपटगृहात जागा मिळावी म्हणून शिवसेना उभी राहिली, आणि सेवा दलाचा हा नट त्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसू लागला. १९९८ मध्ये ते गेले. मांडवांत वाद्यवृंद आले, घरांत दूरदर्शन आले. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेल्या मुंबई केंद्रावर ‘गजरा’सारखे प्रहसनांचे सुरेख कार्यक्रम झाले, पण सरकारी माध्यमात राजाला प्रधानाचा मेहुणा असून चालत नसे. आजच्या वाहिन्यांना ते बंधन नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’त आणि २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त अव्वल दर्जाचे नट दिसले; चाळ, लग्न, गाव, सासू-सून ह्यांवरची त्यांची पकड जुन्या हौशी मंडळींपेक्षा कितीतरी सरस. राजकारणी मंडळीही येतात, पण पाहुणे म्हणून, सोफ्यावर. त्यांची नक्कल त्यांच्यासमोर होते आणि तेच सर्वांत मोठ्याने हसतात. पुढच्या खुर्च्या तेवढ्या उरल्या आणि सतरंजी गेली, असे आम्हांला वाटते.

केरळचे ते गृहस्थ निवृत्त झाल्यावर बदलापूरला राहावयास गेले. बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या जेवणात त्यांची गाठ पडली. बोलता बोलता कार्यालयातल्या कोणाच्या तरी नेमणुकीची गोष्ट निघाली. त्यांनी पान बाजूला सारले, उठून उभे राहिले, आणि आपल्या स्वच्छ ‘ळ’सकट प्रधान, मेहुणा आणि हवालदार ह्या तिघांची अशी हुबेहूब नक्कल केली की आजूबाजूची दोन टेबले जेवावयाची थांबली. इतके त्यांनी केव्हा पाहून ठेवले होते, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.