झाडीपट्टीची रंगभूमी आणि आश्रयाचा प्रश्न

राजाश्रय संपला आणि त्यामागोमाग कला निस्तेज झाली, असे एक प्रमेय आपल्या कलाविषयक लेखनात इतके रूढ झाले आहे की, त्यास पूर्व विदर्भातच एक सजीव अपवाद नांदत असल्याचे पुण्या-मुंबईच्या समीक्षकांस सहसा स्मरत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, दिवाळी सरली, मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली आणि शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, दवंडी पिटली गेली की, गावोगाव तिकीट लावून रात्रभर नाटके होतात. आणि या रंगभूमीचा खरा आश्रयदाता कोणी संस्थानिक वा सरकारी खाते नसून, हाती पीक आलेला शेतकरी आहे.

तिचा व्यवहार मोठा सुबोध आहे. रेल्वेमुळे सोयीचे ठरलेल्या वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाट्यमंडळांच्या कचेऱ्या आहेत; गावची मंडळी तेथे जाऊन नाटक व तारीख मुक्रर करतात आणि बयाणा देतात; नट, वादक, पडदे, दिवे हा सारा सरंजाम कंपनीचा, तर जागा, मांडव आणि तिकीटविक्रीची जोखीम गावाची. शिल्लक उरल्यास ती देवळाच्या वा शाळेच्या कामी लागते. तोटा आला तर तो वर्गणीदारांनी मुकाट्याने सोसावयाचा.

दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यप्रकारांच्या कुशीत वाढलेल्या या रंगभूमीने संगीत नाटकाची गायनाची हौस, जी शहरांनी कधीच पेटीत बंद करून ठेवली, ती अद्याप टिकवली आहे, हा तिचा मोठा गुण. कथानके मात्र पुष्कळदा एकाच साच्यातील, अश्रूंचा पाट वाहविणारी. मध्येच घुसडलेल्या लावणीस नाट्यदृष्ट्या काही प्रयोजन नसते. आणि मुंबईच्या परिचित चेहऱ्यांवर होणारा खर्च स्थानिक नटाच्या बिदागीतून वळता होत असेल, तर तो व्यवहार कलेच्या हिताचा म्हणवत नाही.

अशा रंगभूमीस साहाय्य कोणते करावे? २०२३ साली या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, हे यथोचितच झाले. परंतु सन्मान एका व्यक्तीचा होतो आणि हंगाम शेकडो माणसांचा असतो. या हंगामाकडे दुर्लक्ष कसे होते पाहा: २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा न्यायालयापुढे प्रश्न प्राण्यांच्या क्लेशांचा होता व तो रास्तही होता. पण शंकरपटास जमणारी गर्दीच रात्री नाटकास बसत असल्याने त्या निवाड्याची झळ रंगमंचासही लागली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींस पुन्हा मुभा मिळेपर्यंत या नुकसानीचा पंचनामा करण्याचे कोणास सुचले नाही. मध्यंतरी कोविडच्या महासाथीने हंगाम बुडविला तो वेगळाच.

माझ्या मते येथे खैरात नको, तगाई हवी. दुष्काळी वर्षी शेतकऱ्यास बियाण्यापुरती उचल मिळावी, तशी तोट्यात आलेल्या ग्राममंडळास पुढील वर्षाच्या बयाण्यापुरती बिनव्याजी रक्कम द्यावी, आणि ती देताना नाटक कोणते लावावे याचा हुकूम मात्र करू नये. अनुदानाचे आजचे अर्ज ज्या दाखल्यांची व हिशेबांची अपेक्षा करतात, ती नोंदणीकृत शहरी संस्थेस पेलते. दरसाल दिवाळीला जमून होळीला पांगणाऱ्या गावच्या मंडळास नव्हे. दुसरे काम संहितांचे. दरसाल लिहिली जाणारी नाटके हंगाम सरताच नटांच्या वह्यांत विखुरतात. त्यांच्या नकला करून जिल्हा ग्रंथालयात जतन करण्यास जो खर्च येईल, तो एखाद्या महोत्सवाच्या मांडवखर्चाहून अधिक खासच नसेल.