राजाबाई टॉवरखाली काय ऐकायला मिळतं?

माझ्या पीएचडीचा विषय थोडक्यात सांगायचा तर असा: मुंबईतल्या ब्रिटिशकालीन इमारतींबद्दल आज आपल्याला काय सांगितलं जातं आणि काय गाळलं जातं. त्यासाठी गेल्या दोन हिवाळ्यांत फोर्टातले सहा हेरिटेज वॉक केले. तुम्हीही एखादा केला असेल.

आधी श्रेय देऊन टाकतो. डी. एन. रोडवरच्या सलग कमानींखाली उभं करून, ऊन आणि पाऊस इथल्या बांधकामाला कसं वळण देतात हे एका गाइडने इतकं छान दाखवलं की माझी वही भरली. माझी तक्रार पुढच्या थांब्याची आहे.

ओव्हलच्या कडेला आलं की राजाबाई टॉवरची गोष्ट सुरू होते. प्रेमचंद रायचंदांची आई दृष्टिहीन, जैन धर्म पाळणारी; सूर्यास्ताआधी जेवायचं, तर वेळ कळावी म्हणून मुलाने घंटा वाजणारा टॉवर बांधून दिला. लोक गहिवरतात, फोटो काढतात, पुढे चला.

गोष्ट गोड आहे, आणि अडचण तीच आहे. ती ऐकल्यावर पैसा कुठून आला हे विचारावंसंच वाटत नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबई बंदरात पैसा अक्षरशः ओतला. प्रेमचंद त्या तेजीतले सगळ्यात मोठे खेळाडू. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दोन लाख, टॉवरला दोन लाख, असं दान त्यांनी तेव्हाच दिलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव गडगडले, बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. टॉवरची पायाभरणी १८६९ ची, काम संपलं १८७८ मध्ये! म्हणजे आपण मान वर करून बघतो ती इमारत उभी राहिली तेव्हा तिच्यामागची तेजी कधीच विरली होती. आईच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मला तरी जास्त थरारक वाटते.

दुसरी गळती नावांची. सहाही वॉकमध्ये जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे नाव ऐकलं. स्कॉटसाहेब मुंबईत कधी आलेच नाहीत, नकाशे लंडनहून पाठवले. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत, त्यांचे नमुने केले रावबहादूर मकुंद रामचंद्र या इथल्याच असिस्टंट इंजिनिअरने. हे नाव एकदाही ऐकलं नाही. शेवटी एका वॉकमध्ये मीच विचारलं. गाइड म्हणाली, "लोकल कारागीर असतील." वाईट तिच्या उत्तराचं वाटलं नाही, तिला मिळालेल्या स्क्रिप्टमध्ये तेवढंच असणार.

आणि बंदर? हॉर्निमन सर्कलपासून गोदीची भिंत चालत काही मिनिटांवर. त्या सर्कलच्या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं आणि तिथे कापसाच्या गासड्या रचलेल्या असत. पण आमचा जथा तिथल्या बागेत पाणी पिऊन दर वेळी पश्चिमेकडे वळला, गोदीकडे पाठ करून.

तुम्ही पुढच्या वेळी गेलात, तर टॉवरखाली ते चोवीस पुतळे कुणाचे, एवढं विचारा. पुतळे बरेच उंचावर आहेत, दुर्बीण असेल तर बरोबर घ्या.