नसेवरचे झाकण

दातांच्या दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर पडते : ‘कीड नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनाल करावं लागेल.’ एक्स-रेवरचा काळा डाग पाहून पेशंट मान डोलावतो. पण लोक जिला नस म्हणतात तो पल्प म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशींचा जिवंत गाभा. तो फार सुजलेला नसेल आणि त्यावर चांगले झाकण बसले, तर तो आपल्या बाजूने नवे डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, रचतो. आधीच मेलेल्या पल्पला रूट कॅनालच हवे. मात्र जिवंत पल्प आपण फार लवकर सोडून देतो, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे.

झाकणाचा शोध जुना आहे. बर्लिनच्या फिलिप फाफ यांनी 1756 मध्ये उघड्या पल्पवर सोन्याचा पातळ पत्रा ठेवण्याची रीत लिहून ठेवली. 1920 मध्ये हर्मान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणले आणि पुढे कित्येक दशके तेच चालले. त्याचा पीएच बाराच्या वर. जंतू मरतात, पल्पचा वरचा थर भाजतो आणि त्याखाली कठीण पूल तयार होतो. पण हे औषध दाताला चिकटत नाही, काळाच्या ओघात विरघळते आणि त्याखालच्या पुलात बारीक बोगदे राहतात. तरी दोन छोट्या ट्यूब, कागदावर सारखे दोन ठिपके, क्षणभर घोटले की काम झाले. एवढी सोपी आणि स्वस्त वस्तू खणातून हलत नाही, यात नवल नाही.

1993 मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांच्या गटाने एमटीए पुढे आणले. मुळात हे पोर्टलँड सिमेंटच, म्हणजे घर बांधतात त्याच जातीचे; शुद्ध केलेले आणि एक्स-रेत दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेले. सिमेंट असल्यामुळे ते ओलाव्यातही घट्ट होते. हाताळायला मात्र ओल्या वाळूसारखे; उचलावे तर हत्यारावरून गळते. सेट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात आणि पुढच्या दातात करडी झाक येते. नंतर आलेल्या बायोडेंटिन या सिमेंटने हे दोन्ही दोष बरेच कमी केले : बिस्मथऐवजी झिर्कोनियम, सोबतीला कॅल्शियम क्लोराइड, आणि सुमारे बारा मिनिटांत सेट. पण टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेसाठी अख्खी कॅप्सूल फोडावी लागते. लहान गावातल्या डॉक्टरला हा खर्च बोचतो.

मग वरचढ कोण? 2013 मध्ये अमेरिकेतील एक चाचणी प्रसिद्ध झाली. ती मला मोलाची वाटते, कारण ती विद्यापीठात नव्हे, साध्या खासगी दवाखान्यांत झाली. पल्प उघडा पडलेले 376 रुग्ण होते. दोन वर्षांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे सुमारे 31 टक्के दात फसले, एमटीएचे सुमारे 20 टक्के. उघड्या पल्पपुरता निकाल माझ्या मते लागला आहे. याउलट, तुलनेचे कितीतरी अभ्यास तारा लावण्यासाठी काढायच्या निरोगी दाढांवर होतात. किडीने महिनोन्‌महिने पोळलेला पल्प तसाच वागेल, असे त्यावरून कसे म्हणायचे?

पण पल्प उघडा पडलाच नाही तर? ब्राझीलमधील संशोधकांनी खोल खड्ड्यांच्या तळाशी थोडी मऊ कीड ठेवून काही दातांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, काहींत ग्लास आयनोमर आणि काहींत चक्क मेण भरले व वरून खड्डा बंद केला. काही महिन्यांनी उघडून पाहिले, तर तिन्हींत तळ कठीण झालेला, जंतू घटलेले. मेण काय औषध करणार? काम केले ते जंतूंना बाहेर ठेवणाऱ्या बंद दाराने. 1965 मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी जंतुरहित उंदरांचे दात उघडे ठेवले, तरी त्यांचे पल्प स्वतःहून भरून आले होते. साध्या उंदरांचे सडले. म्हणून 2016 नंतरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शने सांगतात : कडा स्वच्छ करा, पल्पवरची शेवटची मऊ कीड राहू द्या.

हाताला हे पटवणे अवघड जाते. कॉलेजात आम्हाला ‘कडक लागेपर्यंत खरवडा’ असे शिकवले. स्पून एक्स्कॅव्हेटर कडेवर करकर वाजतो तेव्हा समाधान वाटते. तळाशी तो चामड्यासारख्या थरात रुततो आणि तिथेच थांबायचे असते. सोळा वर्षांच्या एका मुलीच्या दाढेत मी थांबलो नाही. लाल ठिपका उमटला. रबर डॅम आधीच लावला होता म्हणून लाळ आत गेली नाही. हायपोक्लोराइटचा बोळा दाबून धरला, चार मिनिटांत रक्त थांबले, बायोडेंटिन भरले, त्याच बैठकीत वरचे पक्के फिलिंगही केले. रक्त थांबले नसते तर पल्पचा वरचा भाग कापावा लागला असता.

दीड वर्षाने ती आली. दाढेवर बर्फगार कापूस टेकवला.

‘लागतंय,’ ती म्हणाली. आणि कापूस काढताच, ‘गेलं.’