वाटीत किती ग्रॅम?

पाककृतींच्या पुस्तकांच्या शेवटी बहुधा एक कोष्टक असते. १ कप मैदा म्हणजे १२० ग्रॅम, १ कप साखर म्हणजे २०० ग्रॅम, वगैरे. घनता शिकवताना हे कोष्टक वर्गात न्यावे असा मोह कोणत्याही शिक्षकाला होईल. जरूर न्यावे, पण तपासून. कारण दोन महत्त्वाच्या गोष्टी त्यात बहुतेक वेळा लिहिलेल्याच नसतात: कप केवढा, आणि तो भरला कसा.

अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानमधला २०० चा. वरचे आकडे अमेरिकी कपाचे आहेत. ते आपल्या घरातल्या आमटीच्या वाटीला जसेच्या तसे लावणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगाचे माप देऊन सदरा शिवणे होय.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. द्रवांना कोष्टक चालते; १ लिटर खाद्यतेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असेही छापलेले आढळते. पिठाचे तसे नाही. हलक्या हाताने भरून सपाट केलेला मैदा कपात १२० ग्रॅमच्या आसपास बसतो. कप डब्यात खुपसून भरला तर तोच १५० ग्रॅमपर्यंत जातो. मैद्याच्या कणांची घनता बदललेली नाही, मधली हवा कमी झाली. पाठ्यपुस्तकातली घनता ही पदार्थाची असते, कोष्टकातली पदार्थ आणि पोकळ्या मिळून असते. हा भेद कोष्टक सांगत नाही आणि आपणही वर्गात क्वचितच सांगतो. मोजपात्रात १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत तांदूळ भरा आणि ते भिजून फुगण्याआधी चटकन त्याच खुणेपर्यंत पाणी ओता. चाळीसेक मिलिलिटर पाणी सहज मावते! (आपल्याकडे तर १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत येण्यापूर्वी वजनाचा शेर वेगळा आणि चिपटे-मापटे-पायलीतला मापाचा शेर वेगळा होता. नाव एक, राशी दोन.)

मग वाटी टाकून तराजूच धरावा काय? तसे मुळीच नाही. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) वाटी-चमच्याच्या प्रमाणांमुळे घरोघरी वापरले गेले, आणि या पद्धतीमागचे गणित पक्के आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे गुणोत्तर आहे. वाटी लहान असो वा मोठी, ते बिघडत नाही. त्याचे ग्रॅम करण्याचा खटाटोप अनाठायी आहे. मात्र एकाच कृतीत वाटी आणि चमचा दोन्ही आले की ही सोय संपते. वाटी घरोघर बदलते, चमचा तिच्या प्रमाणात बदलत नाही.

खाण्याच्या पदार्थात यामुळे फार तर मीठ कमी-जास्त होईल. जुलाब होणाऱ्या मुलाला द्यायच्या घरगुती साखर-मीठ-पाण्यात मात्र चूक महाग पडते. १ लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ असे ते प्रमाण आहे. यातला 'सपाट' हा शब्द भिंतीवर लिहिताना गळला, तर शीग लावून भरलेल्या चमच्यात मीठ दीडपट-दुप्पट होऊ शकते, आणि जास्तीचे मीठ अशा मुलाला घातक असते. बारीक मिठाऐवजी खडे मीठ घेतले तर चमच्यातले वजन पुन्हा निराळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या पाकिटात १ लिटरसाठी एकूण २०.५ ग्रॅम पूड असते, त्यात मीठ २.६ ग्रॅम. ते सारे कारखान्यातच तोलून भरलेले असते. घरी मोजायचे उरते ते फक्त पाणी.