चिंच, जांभूळ आणि नाशिकची वाईन

चिंचेत जे आम्ल असतं तेच द्राक्षात असतं. लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, हिरव्या सफरचंदाचा मुख्यतः मॅलिक आम्लाचा; पण टार्टरिक आम्ल भरपूर असलेली फळं मोजकीच, आणि त्यांत द्राक्षाच्या बरोबरीनं आपली चिंच येते. हिमायतनगरच्या, म्हणजे जुन्या वाढोण्याच्या माणसाला हा आंबटपणा शिकवावा लागत नाही. आमटीत, कटात, अंबाडी नसेल तेव्हा भाजीत तो लहानपणापासून जिभेवर बसलेला आहे. जांभळाचंही तसंच. जांभूळ खाऊन जीभ रंगते ती ज्या कुळातल्या रंगद्रव्यांनी, त्याच कुळातली रंगद्रव्यं काळ्या द्राक्षाच्या सालीत असतात. आणि नंतर हिरड्यांना जी ओढ बसते ती टॅनिनची. माझं म्हणणं एवढंच आहे की व्हाईट वाईन पारखायला चिंच जाणणारी जीभ पुरते आणि रेड पारखायला जांभूळ जाणणारी. ती मराठवाड्यात घरोघरी आहे. परदेशी पुस्तकांतल्या फळांची यादी पाठ करण्याची आपल्याला गरज नाही.

नाशिक, निफाड आणि अकलूजच्या बाटल्या आम्ही हिमायतनगरात एका शेतकरी मित्राच्या घरी उघडल्या त्या याच विश्वासानं. पहिली अडचण उन्हाची. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड, दगडी घरांचा. आमच्याकडे मार्चमध्ये दुपारी खोली पस्तीस अंशांवर जाते आणि त्या उष्म्यात कुठलीही रेड वाईन नुसत्या स्पिरिटसारखी नाकात शिरते. रेड सोळा ते अठरा अंशांवर चांगली, व्हाईट आठ-दहावर. म्हणून रेडही आधी फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ. एवढं केलं नाही तर पुढची सगळी चर्चा व्यर्थ आहे.

आपल्याकडे वाईन म्हटलं की अनेकांच्या मनात अजून गोव्याहून आणलेली गोड पोर्ट वाईन येते. कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या वाईनचा महाराष्ट्रातला इतिहास लहान आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाईन काढली. ‘ओमर खय्याम’ या नावानं ती परदेशात गेली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाईन २००० साली आली, आणि २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याच्या निर्णयावरून मोठा वाद पेटला. त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. वाईन चवीला कशी आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

चव समजायची तर छाटणीपासून सुरुवात करावी लागते. युरोपात वेल थंडीत झोपतो, उन्हाळ्यात फळतो, आणि हवा गार होत असताना फळ पिकतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि फळ पिकतं ते जानेवारी ते मार्च, दिवस तापत जाताना. त्यामुळे साखर भराभर चढते आणि आम्ल घसरतं. घसरतं ते मुख्यतः मॅलिक आम्ल, कारण उष्म्यात द्राक्ष ते स्वतःच जाळून टाकतं. टार्टरिक मात्र उन्हाला फारशी दाद देत नाही. म्हणजे आपल्या वाईनमध्ये शेवटी जो आंबटपणा उरतो तो बराचसा चिंचेचाच. उष्ण मुलखात वाईन करणारे पुष्कळदा हेच आम्ल रसात वरून घालतात. त्यात गैर काही नाही, पण घालताना हात चुकला तर ते जिभेच्या कडांवर वेगळं उभं राहतं, फळाशी बोलत नाही. व्हाईट वाईन वाचताना मी पहिल्यांदा हे पाहतो: आंबटपणा फळाच्या आत आहे की फळाच्या शेजारी?

सुलाची सोव्हिनियों ब्लां या कसोटीवर अर्धी उतरते. या द्राक्षाचा हिरवा वास, कापलेलं गवत, ढोबळी मिरचीचं देठ, पायराझीन नावाच्या द्रव्यांमुळे येतो, आणि तीव्र उन्हात ती कमी होत जातात. म्हणून फळ लवकर तोडावं लागतं. ग्लास नाकाशी नेला की पहिला श्वास सुंदर: कैरीची साल, हिरवी मिरची, थोडं लिंबाचं पान. पहिला घोटही चटपटीत. पण मधला भाग पातळ आहे. सुरुवातीला जेवढा आवाज, तेवढं पुढे सांगायला काही नाही.

निफाडजवळच्या रेव्हेलोची ग्रिलो मला अधिक आवडली. ग्रिलो सिसिलीचं द्राक्ष. ऊन त्याच्या रक्तातच आहे, त्यामुळे नाशिक जिल्ह्यात त्याला परकं वाटत नसावं. वास जेमतेम, तोंडात मात्र अंग भरलेलं आणि शेवटी खारट म्हणावी अशी एक रेघ.

पण व्हाईटमध्ये महाराष्ट्राचं द्राक्ष कुठलं असं कोणी विचारलं तर मी शेनिन ब्लां सांगेन. मूळचं फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं. दक्षिण आफ्रिकेत प्रचंड पसरलं आणि आपल्याकडेही रुजलं, याचं कारण एकच: याच्या अंगात आम्ल इतकं आहे की उन्हानं थोडं खाल्लं तरी पुरून उरतं. सुलाची शेनिन ब्लां थोडी साखर राखून केलेली आहे. गंभीर चाखणारे तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. तिच्यात पिकलेला पेरू आहे, अननसाची कड आहे, आणि गोडवा जिभेवर रेंगाळू लागतो न लागतो तोच आंबटपणा येऊन त्याला उचलतो. चिंच-गुळाच्या आमटीत हीच जुगलबंदी असते: गूळ कमी पडला तर आमटी चावते, जास्त झाला तर बसते. हा तोल या वाईननं साधला आहे, आणि तो साधणं कोरडी वाईन करण्याहून सोपं नाही. त्यातच तिचा दुसरा गुण. आमच्या जेवणात त्या दिवशी गावरान कोंबडीचा झणझणीत रस्सा होता. तिखटाची आग अल्कोहोलनं वाढते आणि टॅनिनचा तुरटपणा त्या आगीवर आणखी खरखरीत लागतो. थोडी साखर असलेली गार व्हाईट वाईनच तिथे टिकते. रस्स्याबरोबर तिच्यासमोर एकही रेड उभी राहिली नाही.

रेडकडे वळताना चरकसंहितेची आठवण होते. तिथे सहा रसांत कषाय म्हणजे तुरट हा स्वतंत्र रस मानला आहे, जिभेला जडपणा आणि ताठरपणा आणणारा. आजचं शास्त्र सांगतं की टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा निसरडेपणा जातो, म्हणून तुरट ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव. काही म्हणा, रेड वाईनचा सगळा कणा तोच आहे, आणि तुरटात प्रती असतात हे आपल्या माणसाला ठाऊक असतं. कच्च्या टेंभुर्णीचा तुरटपणा घसा धरतो. पिकल्या जांभळाचा पसरतो, थांबतो आणि मागे गोड होतो.

नाशिकच्या अनेक कॅबरनेंत मला टेंभुर्णी भेटते. या द्राक्षाला पिकायला वेळ हवा. इथल्या उन्हात साखर आधी तयार होते आणि सालीतलं, बियांतलं टॅनिन मागे राहतं. तोडायचं तर साखरेच्या घाईनं तोडावं लागतं. मग लाकडी पिंपाचा व्हॅनिलासारखा वास त्यावर चढवून कच्चेपणा झाकायचा प्रयत्न होतो, आणि तो झाकला जात नाही.

शिराझचं वेगळं. सुलाच्या दिंडोरी रिझर्व्ह शिराझमध्ये जांभूळ सरळ भेटतं, रंगातही आणि तुरटातही. त्यामागून मिरी येते. ही उपमा नव्हे: शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो आणि काळ्या मिरीतही तेच द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं. साधारण पाचांतल्या एका माणसाला हा वास येतच नाही, हेही त्यांनाच आढळलं. आमच्यातल्या एकाला मिरी अजिबात लागली नाही. त्याला ही वाईन सपाट वाटली, आणि त्याच्या नाकापुरतं त्याचं मत बरोबरच आहे. मला तिच्यात लाकूड थोडं जास्त वाटलं. ‘रासा’ या महागड्या शिराझमध्ये तर अधिकच. फळ एवढं चांगलं असताना पिंपाला इतकं बोलू का द्यावं?

अकलूजच्या फ्रातेल्लीनं हा प्रश्न बऱ्याच समजुतीनं सोडवला आहे. सोलापूर जिल्ह्यातला तो तापलेला, कोरडा पट्टा. तिथे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतले सेक्की अशा भावांच्या जोड्यांनी एकत्र येऊन वेल लावले, आणि तस्कनीचे पिएरो मासी यांनी वाईन घडवली. त्यांची सांजोव्हेसे ही तस्कनीची मूळ जात. तिचं आम्ल मुळातच तेज, त्यामुळे अकलूजच्या उन्हातही ती ढिली पडत नाही. शेंगदाण्याची चटणी, तेल आणि ज्वारीची भाकरी, यांच्याबरोबर ती इतकी छान गेली की बाटली सर्वांत आधी हीच संपली. ‘सेत्ते’त याच सांजोव्हेसेला कॅबरने जोडलेली आहे. एकट्या कॅबरनेचा जो कच्चा कडकपणा मघाशी खटकला, तो इथे दुसऱ्याच्या आंबटपणावर टेकून उभा आहे: आधी वाळलेलं बोर, मग तंबाखूच्या पानासारखा कोरडा वास, मग तुरट, आणि तो तुरट लांबतो, विरतो, पुन्हा फळ सोडून जातो. महाराष्ट्रातल्या ज्या रेड मी चाखल्या त्यांत शेवटपर्यंत बोलत राहणारी ही.

तरीही सगळ्या बाटल्यांत पहिला क्रमांक कुणाला, असं मित्रानं विचारलं तेव्हा माझं उत्तर सेत्ते नव्हतं. सुलाची लेट हार्व्हेस्ट शेनिन ब्लां, म्हणजे वेलावर जास्त दिवस ठेवून, सुकत आलेल्या घडांची गोड वाईन, आम्ही शेवटी उघडली होती. मध, जर्दाळू, संत्र्याची साल, आणि त्या सगळ्या गोडव्याला खालून धरून ठेवणारं आम्ल. उशिरा तोडल्यावरही ते आम्ल टिकलं, यात द्राक्षाची निवडही आहे आणि करणाऱ्याची नजरही. मित्राला तुरट हवं असतं. त्यानं सेत्तेला मत दिलं, आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही.