लगाम, कणीस आणि साक्षीदार : बाजीरावाच्या एका व्यक्तिचित्राची मीमांसा

व्यक्तिचित्र म्हटले की चित्रकार, चित्रविषय झालेली व्यक्ती आणि चित्रफलक असे तीन घटक सामान्यतः गृहीत धरले जातात. अठराव्या शतकातील सेनानीचे जे व्यक्तिचित्र मराठी मनात सर्वांत खोल रुजले आहे, त्याच्या बाबतीत मात्र यांतील तिसरा घटक जवळजवळ अनावश्यक ठरला आहे. पहिल्या बाजीराव पेशव्याचे हे चित्र मराठी वाचकाने डोळ्यांनी पाहिलेले नसते. ते त्याने ऐकलेले अथवा वाचलेले असते. त्याचे अस्तित्व रंगरेषांत नसून निवेदनात आहे. म्हणूनच ते कलेतिहासाइतकेच साहित्यमीमांसेच्याही कक्षेत येते.

कथा सर्वपरिचित आहे. आपल्याला सळो की पळो करून सोडणारा हा पेशवा दिसतो तरी कसा, या कुतूहलापोटी निजामाने एक चित्रकार मराठ्यांच्या लष्करात धाडला आणि बाजीराव प्रथम ज्या स्थितीत दृष्टीस पडेल त्याच स्थितीत त्याला चितारावे, अशी आज्ञा केली. चित्रकाराने आणलेल्या चित्रात बाजीराव साध्या शिलेदाराप्रमाणे घोड्यावर स्वार होता. लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, भाला खांद्यावर टाकलेला, घोड्याचा तोबरा आणि अगाडी-पिछाडीचे दोर त्याच्याच खोगिराला. आणि दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसे चोळून तो दाणे खात चालला होता. दुसऱ्या पाठात चित्रकार धाडणारा निजाम नसून दिल्लीचा बादशहा मुहम्मदशाह आहे. चित्र पाहताच हा मनुष्य नव्हे, सैतान आहे, असे उद्गारून त्याने तह करण्याची घाई केली, असे तो पाठ सांगतो.

या दोन पाठांतील कोणता खरा, हा प्रश्न इतिहाससंशोधकाचा. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे की दोन्ही पाठांची रचना एकच आहे. सत्ताधीश दूत धाडतो, दूत खूण घेऊन परततो आणि सत्ताधीश त्या खुणेचा अर्थ लावतो. ही लोककथेची परिचित घडण आहे. तिच्यात चित्रकार अनामिक राहतो, कारण त्याचे काम कलावंताचे नसून साक्षीदाराचे आहे. हा साक्षीदार शत्रूच्या पदरचा आहे. स्वपक्षाच्या भाटाने केलेले वर्णन अतिशयोक्त मानता येते. शत्रूच्या चाकराने आणलेल्या चित्राविषयी तशी शंका घ्यायला वाव उरत नाही. स्तुतीचे कर्तृत्व प्रतिपक्षाकडे सोपवून ही कथा तिच्यातील स्तुतिपरता झाकून टाकते. दिल्लीच्या पाठात तर चित्राचा पहिला समीक्षकही कथेच्या पोटातच बसलेला आहे. बादशहा अर्थ लावून मोकळा होतो आणि पुढच्या प्रत्येक वाचकाच्या वाट्याला तो अर्थ वारसाहक्काने येतो.

लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात चित्रकला आणि काव्य यांच्या मर्यादा सांगताना, चित्राला काळाच्या प्रवाहातील एकच क्षण पकडता येतो व म्हणून तो अर्थगर्भ असावा लागतो, असे प्रतिपादन केले. बाजीरावाच्या कथेतील क्षण त्या कसोटीला विलक्षण उतरतो. राजदर्शनाच्या रूढ चित्रसंकेतांत अश्वारूढ पुरुष लगाम खेचलेला, शस्त्र सज्ज असलेला, अलंकृत असा दाखविला जातो. येथे प्रत्येक संकेत उलटविलेला आहे. लगाम सुटा आहे, म्हणजे घोडा व स्वार यांच्यात आज्ञेची गरज उरलेली नाही. भाला हातात नाही, खांद्यावर आहे. म्हणजे भय नाही. तोबरा आणि दोर स्वतःजवळच आहेत; म्हणजे मागे बुणगे नाहीत, मुदपाकखाना नाही, सरंजाम नाही. अभावांच्या या मालिकेतून गती सूचित होते. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ निजामाला कोंडून धरणाऱ्या आणि मार्च १७३७ च्या अखेरीस अनपेक्षितपणे दिल्लीच्या वेशीवर उभ्या राहणाऱ्या फौजेची युद्धपद्धती या एका स्थिर प्रतिमेत सामावली आहे. बाजीराव काय करीत असे, हे चित्र सांगत नाही. ते त्याला कसे शक्य होत असे, हे सांगते.

मात्र या प्रतिमेचे रूढ वाचन एवढ्यावर थांबत नाही. ते तिच्यातून साधेपणाचे, निःसंगतेचे नैतिक मूल्य काढते. पुढील पिढ्यांच्या विलासाशी तुलना करण्यासाठी हे कणीस वारंवार पुढे केले जाते. येथे वाचनप्रक्रियेतील एक महत्त्वाची उडी नजरेआड होते. युद्धतंत्राची गरज म्हणून पत्करलेली सुटसुटीतता आणि स्वभावधर्म म्हणून असलेली विरक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्रातील स्वार ज्या वर्षांत दौडत होता, त्याच वर्षांत, १७३० ते १७३२ या काळात, पुण्यात शनिवारवाडा उभा राहिला. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतला बाजीराव कर्जाने गांजलेला, सावकारांच्या तगाद्याने हैराण झालेला आहे. दिल्लीच्या स्वारीनंतर चिमाजी अप्पाला लिहिलेल्या पत्रातला बाजीराव शहर जाळल्यास राजकारणाचे सूत्र तुटेल, असा थंड हिशेब मांडणारा आहे. पत्रांतला बाजीराव पुढचा-मागचा विचार करणारा, देणेकरी आणि मुत्सद्दी आहे. चित्रकथेतला केवळ वर्तमानात जगणारा. पहिला इतिहासाचा नायक आहे, दुसरा दंतकथेचा. मराठी वाचकाने दुसऱ्याला जवळ केले, यात त्या वाचकाचीही काही गरज प्रकट होते.

आता कणसाकडे वळता येईल. रोलां बार्थ याने १९६८ मध्ये 'वास्तवाचा परिणाम' ही संकल्पना मांडताना, कथनातील निरुपयोगी वाटणारा तपशील 'हे खरे घडले' एवढेच सांगण्याचे काम करतो, असे दाखविले. जोंधळ्याचे कणीस वरवर पाहता असाच तपशील आहे; कथेला विश्वसनीयता येते ती त्याच्यामुळे. पण ते निरुपयोगी नाही. मार्चअखेर उत्तर हिंदुस्थानच्या शिवारात उभे असते ते गव्हाचे पीक. रब्बी जोंधळ्याचे भरलेले कणीस दख्खनच्या रानात, माघ-फाल्गुनात हाती लागते. एवढ्यावरून कथेचा काळ ठरविता येणार नाही, परंतु तिची कल्पनाशक्ती दख्खनी मातीतली आहे, हे निश्चित म्हणता येते. चित्रकार दरबारी असेल; त्याच्या हाती कणीस देणारा कथक मात्र शिवार पाहिलेला आहे.

आणि शिवार म्हटले की त्याचा धनी आलाच. हे कणीस कोणाच्या शेतातले, हा प्रश्न कथा विचारीत नाही आणि तिचे रूढ वाचनही विचारीत नाही. चालत्या घोड्यावरून खुडलेले कणीस उभ्या पिकातले असते. मागे बुणगे नसलेली फौज गावावर पोसली जाते. एका स्वाराच्या हातातील दोन कणसे हजारो स्वारांच्या हिशेबाने एका गावाची सुगी होतात. ज्या तपशिलाने सेनानीचा साधेपणा सिद्ध केला जातो, तोच तपशील शेतकऱ्याच्या दृष्टीने लुटीची खूण असू शकतो. चित्रात स्वार आहे, घोडा आहे, कणीस आहे. कुणबी चौकटीबाहेर राहिला आहे. त्याला चौकटीत आणल्याने बाजीरावाचे मोठेपण कमी होत नाही. त्या मोठेपणाची किंमत कोणी चुकती केली, एवढेच स्पष्ट होते.

या चित्रकथेशेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. १७९१ मध्ये मुंबईत आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुढील वर्षी पुण्यात बाजीरावाचा पणतू सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे तैलचित्र रंगविले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे. येथे तिन्ही घटक हजर आहेत. तरुण पेशवा गादीवर बसला आहे, शेजारी नाना, मागे सेवक. पणजोबाचे चित्र त्याच्या नकळत घेतलेले. पणतूचे त्याच्या संमतीने, इंग्रज वकील मॅलेटच्या दरबारी वावराच्या छायेत घडलेले. एकात पाहणारा भ्यालेला आहे. दुसऱ्यात तो निवांत आहे. परक्याच्या नजरेत झालेला हा बदल म्हणजे साठ-पासष्ट वर्षांचा राजकीय इतिहासच होय. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेला आणि त्याच वर्षी, लेण्यांची रेखाटने करण्यात गुंतलेला वेल्सही साष्टी बेटावर मरण पावला.

कान्हेरी-जोगेश्वरीच्या लेण्यांची ही साष्टी, म्हणजे आजच्या अंधेरी-बोरिवली-घाटकोपर-मुलुंडची भूमी, या कथेला सर्वस्वी परकी नाही. बाजीराव दिल्लीच्या रोखाने दौडत होता त्याच मार्च महिन्यात मराठी फौजा ठाण्याच्या खाडीपलीकडून साष्टीत उतरल्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली. त्या विजयाची स्मृती चित्राने नव्हे, घंटांनी जपली. पोर्तुगीज चर्चमधून आणलेल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरी टांगल्या गेल्या. घंटेला वजन असते, तिच्यावर कोरलेली अक्षरे वाचता येतात, तिचा मूळ मालक लपत नाही. चित्रकथेचे तसे नाही. तिला वजन नसल्यामुळेच ती सर्वत्र पोचली, आणि तिच्यातील कणसाचा मालक विसरणेही त्यामुळेच सोपे झाले.

या कथेला खोटी ठरवून बाजूला सारणे, हा समीक्षेचा मार्ग नव्हे. तिला पुरावा मानून डोळे मिटणे, हाही नव्हे. एका समाजाने आपल्या सेनानीला कसे पाहू इच्छिले, याचा ती अस्सल दस्तऐवज आहे. तिने त्याला सिंहासनावर बसविले नाही, त्याच्या हाती रत्नजडित तलवार दिली नाही. शिवारातल्या माणसाची भूक आणि त्याच्याच हातांची खाण्याची रीत दिली. राज्यकर्त्याला आपल्यासारखा करून घेण्याची ही आकांक्षा मोलाची आहे. मात्र ज्याच्यासारखा तो करून घेतला, त्या माणसाचेच पीक त्याच्या ओंजळीत आहे, ही जाणीव जोवर वाचनात येत नाही, तोवर हे व्यक्तिचित्र अर्धेच पाहिले गेले असे म्हणावे लागेल.